प्रभुभोजनाला जाण्यापूर्वी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा ख्रिस्ती विधी. नाशिकमधल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याच्या मेजाची तयारी करण्याचे काम गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे. मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नाही. शनिवारी संध्याकाळी पांढरे कापड इस्त्री करणारा, प्याला घासणारा आणि भाकरीचे तुकडे मोजणारा मी एक सेवक आहे. पाळकसाहेबांना विचारायला लोक संकोचतात असे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि ते बहुतेक उपासना संपल्यावर दारात चपला घालता घालता विचारले जातात. तिथे घाईत दिलेली उत्तरे मला स्वतःलाच अपुरी वाटत आली, म्हणून ती येथे सविस्तर लिहिली आहेत. ती मुख्यतः आमच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीच्या, रीतीला धरून आहेत. कॅथलिक मंडळीची शिस्त जिथे वेगळी आहे तिथे तसे नमूद केले आहे.

एकाच विधीला इतकी नावे का आहेत?

शरणपूर रोडवरच्या आमच्या लोकांच्या तोंडी 'प्रभुभोजन' आणि 'सहभागिता' हे शब्द आहेत, त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉस चर्चमध्ये किंवा नाशिकरोडला 'पवित्र मिस्सा' आणि 'ख्रिस्तशरीर स्वीकारणे' असे म्हणतात, आणि जुनी माणसे सरळ 'कम्युनिअन' म्हणतात. प्रत्येक नाव विधीच्या एकेका अंगावर बोट ठेवते. 'भोजन' येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या रात्रीच्या जेवणाची आठवण देते. 'सहभागिता' सांगते की हे एकट्याने करण्याचे काम नाही. ग्रीक 'युखरिस्तिया' म्हणजे उपकारस्तुती. आणि 'मिस्सा' हा शब्द लॅटिन उपासनेच्या अखेरीस भाविकांना निरोप देताना उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यातून आला आहे.

भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त कसा उपस्थित असतो, याबद्दल मंडळ्यांत खरा मतभेद आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. कॅथलिक शिकवणुकीनुसार रंग, रूप आणि चव तीच राहते, पण मूळ सत्त्व बदलून ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते. प्रोटेस्टंटांत कोणी खरी उपस्थिती मानतो, कोणी आत्मिक उपस्थिती मानतो, तर कोणी हे मुख्यतः स्मरण आहे असे म्हणतो. १५२९ साली जर्मनीत मारबुर्ग येथे ल्युथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर त्यांचे जुळले आणि पंधराव्यातील या एका गोष्टीवर फिसकटले. तेव्हा हा प्रश्न रविवारी सकाळी बाकावर बसून सुटला नाही, तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

'जो अयोग्य प्रकारे खाईल तो दोषी ठरेल' या वचनाची मला धास्ती वाटते. मी पुढे न जाणेच बरे नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. या एका वचनाच्या भीतीने दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे मागच्या बाकावर बसून राहिलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि ती बहुधा मंडळीतली सर्वांत सरळमार्गी माणसे असतात. ज्यांनी थोडे थांबून विचार करायला हवा, ते पहिल्या रांगेत असतात. पण ते असो.

हे वचन बायबलमध्ये, ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. प्रेषित पौलाने ते पत्र इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिले, म्हणजे प्रभुभोजनाचा हा लेखी वृत्तान्त येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांच्याही आधीचा आहे. करिंथची मंडळी एखाद्या सधन बंधूच्या घरी जमत असे. ज्यांना सवड होती ते लवकर येऊन खाऊनपिऊन घेत. जे दास होते, दिवसभर राबत होते, ते उशिरा पोहोचत, आणि तोवर पात्रे रिकामी झालेली असत. एक भुकेला राहतो आणि दुसरा प्यायलेला असतो, असे पौल सुनावतो, आणि त्याच संतापाच्या ओघात 'अयोग्य प्रकारे' हा शब्द येतो.

या अपराधाला मराठीत नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसवायचे, पण एकाच्या पानावर तूप ओतायचे आणि दुसऱ्याच्या पानावर वरणाचे पाणी फिरवायचे, याला आपल्याकडे पाप मानतात, आणि ते ज्याला कळते त्याला पौलाचा हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. मूळ ग्रीक शब्द क्रियाविशेषण आहे. तो खाणाऱ्याची लायकी मोजत नाही, खाण्याची रीत सांगतो. 'अयोग्य माणसाने खाऊ नये' असे पौल कोठेही म्हणत नाही, आणि त्याने तसे म्हटले असते तर मेजाशी कोणीच उरले नसते. आत्मपरीक्षा करा असे सांगितल्यावर त्याचे पुढचे शब्द 'आणि मग खावे' असे आहेत. परीक्षा करून घरी परत जा, असे तो सांगत नाही.

पहिल्या मेजाशी कोण बसले होते ते आठवावे. त्याच रात्री येशूविषयी तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणारा शिष्य पेत्र तिथे होता. थोड्याच वेळात पळून जाणारे बाकीचे होते. आणि लूककृत शुभवर्तमान सांगते की येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा हातही मेजावरच होता. आपल्या उपासनेची रचनाही याच समजुतीवर उभी आहे. अँग्लिकन परंपरेतून आलेल्या एका जुन्या प्रार्थनेत आपण म्हणतो की तुझ्या मेजाखाली पडलेला चुरा गोळा करण्याचीही आमची योग्यता नाही. कॅथलिक मिस्सेत त्याच ठिकाणी बायबलमधल्या रोमी शताधिपतीचे (सैन्याधिकाऱ्याचे) शब्द येतात : प्रभो, तू माझ्या छपराखाली यावेस इतका मी योग्य नाही. दोन्हीकडे हे शब्द सर्वांच्या तोंडून वदवून घेतात आणि लगेच हातावर भाकर ठेवतात. ज्याला हे शब्द मनापासून म्हणता येतात, त्याने मागे बसून राहण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही.

मग तयारी कशी करावी?

रविवारी सकाळी गाडी लावायला जागा शोधत असताना तयारी होत नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो. ती शनिवारी करावी. माझी स्वतःची रीत सांगतो, ती नियम म्हणून घेऊ नये. मेजाचे पांढरे कापड मी घरी आणतो, किंचित पाणी शिंपडून इस्त्री करतो आणि घड्या मोजून घालतो. त्या वीस मिनिटांत आठवडाभरातली माणसे एकेक करून डोळ्यांसमोर आणतो : कोणाला तुटक बोललो, कोणाचे पैसे द्यायचे राहिले, कोणाच्या मागे काय बोललो. इस्त्री फिरवताना हातांना काम असते, त्यामुळे मन पळून जात नाही. कोणाला हे भाजी निवडताना जमेल, कोणाला गंगापूर रोडने चालताना. आत्मपरीक्षेसाठी डोळे मिटून बसलेच पाहिजे असे नाही. माझा तर डोळे मिटले की झोपेचाच अनुभव आहे.

परीक्षा करताना 'मी वाईट आहे' एवढ्या मोघम वाक्यावर थांबू नये. त्या वाक्याने काहीच बदलत नाही आणि नम्र असल्याचे समाधान मात्र फुकट मिळते. नाव, दिवस आणि रक्कम यांसह आठवावे. दूधवाल्याचे बिल तीन महिने थकवून प्रभूच्या मेजाशी गुडघे टेकायला निघालो आहोत, असे एकदा स्पष्ट दिसले की पुढे काय करायचे ते वेगळे सांगावे लागत नाही.

पूर्वी याची शिस्त अधिक कडक होती. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात असा नियम आहे की ज्यांना प्रभुभोजन घ्यायचे असेल त्यांनी निदान आदल्या दिवशी पाळकाला आपली नावे कळवावीत, आणि ज्याचे मन शांत होत नसेल त्याने पाळकाकडे जाऊन मोकळे व्हावे. नावे कळवण्याची प्रथा गेली, पण दुसऱ्या अर्ध्या भागाचा उपयोग आजही व्हावा असे मला वाटते. पाळकसाहेब त्यासाठीच आहेत.

माझे सख्ख्या भावाशी बोलणे बंद आहे. अशा स्थितीत प्रभुभोजन घ्यावे का?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे की वेदीजवळ अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. बारकाईने पाहिले तर तिथे आपल्या मनातल्या रागाचा विषय नाही, त्याच्या मनात आपल्याबद्दल काय आहे याचा आहे. ही अट अधिक अवघड आहे, कारण आपला राग आपण गिळू शकतो, त्याचा गिळता येत नाही.

माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा वडिलोपार्जित घराच्या सामाईक नळावरून वाद होता. दोन वर्षे आम्ही एकाच मंडळीत वेगवेगळ्या बाजूंच्या बाकांवर बसलो आणि दोघांनीही प्रत्येक वेळी प्रभुभोजन घेतले. मेज लावणारा मीच होतो. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मला प्रवचन दिले नाही. एका शनिवारी ते म्हणाले, "उद्या भाकरीचे ताट तुम्ही धरा आणि त्यांच्या रांगेत तुम्हीच न्या." मी रात्रभर जागा होतो आणि सकाळी सहा वाजता भावाच्या दारात उभा होतो. चहा झाला, नळाचा विषय निघाला नाही. नळाचा निकाल पुढे आणखी वर्षभराने लागला.

यावरून मला कळलेली गोष्ट अशी की वाद मिटणे आणि समेटासाठी पाऊल उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊल आपल्या हाती आहे. समोरच्याने दार उघडले नाही, तर जेवढे आपल्याकडून करता येण्याजोगे होते तेवढे केल्यावर मेजाशी यावे. जिथे मारहाण किंवा छळ झालेला आहे, तिथे मात्र 'समेट करा' असे सांगून पीडिताला परत त्याच दारात उभे करू नये. अशा प्रसंगी पाऊल उचलण्याचे ओझे छळणाऱ्यावर असते.

उपाशीपोटी जावे लागते का?

कॅथलिक मंडळीत ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी एक तास काही खाऊपिऊ नये असा नियम आहे. पाणी आणि औषध चालते, आणि वृद्ध, आजारी तसेच त्यांची शुश्रूषा करणारे यांना सूट आहे. पूर्वी मध्यरात्रीपासून उपवास असे. १९५७ साली तो तीन तासांवर आणि १९६४ साली एका तासावर आणला गेला. आमच्याकडे सक्ती नाही. मधुमेहाच्या रुग्णांनी भक्तीच्या उत्साहात सकाळची न्याहारी टाळू नये. चक्कर येऊन पडलेल्या भाविकाभोवती जी धावपळ होते, तिच्यात कोणाचेच मन स्थिर राहत नाही.

पापनिवेदन आधी केलेच पाहिजे का?

कॅथलिक शिस्तीप्रमाणे गंभीर पापाची जाणीव असेल, तर फादरांकडे पापनिवेदन करून मगच ख्रिस्तशरीर घ्यावे. आमच्या उपासनेत सर्वांनी मिळून करायची पापांगीकाराची प्रार्थना आणि त्यानंतर क्षमेचे वचन असते. ही प्रार्थना तोंडपाठ असल्यामुळे ती गाडीसारखी सुटते. पाळकांनी तिच्याआधी अर्धा मिनिट शांतता ठेवली तर फार बरे होईल, असे मी अनेकदा सुचवले आहे.

द्राक्षांच्या गावात राहून आपण मनुकांचा रस का वापरतो? खरी वाइन का नाही?

बाहेरगावचे पाहुणे हे हसत विचारतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत हा सारा मुलूख द्राक्षांचा, आणि आमच्या प्याल्यात मात्र वाण्याकडच्या काळ्या मनुका. कारण अगदी व्यवहाराचे आहे. ताजी द्राक्षे जानेवारी ते एप्रिल मिळतात, प्रभुभोजन बारा महिने असते. शिवाय मार्चच्या उन्हात शनिवारी काढलेला ताजा रस रविवारपर्यंत फसफसू लागतो. म्हणून आम्ही काळ्या मनुका दोन-तीन पाण्यांनी धुऊन शुक्रवारी रात्री भिजत घालतो, शनिवारी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळतो, पाणी गडद झाले की गार करून पातळ सुती कापडातून पिळतो. शेवटचा पिळा जोरात द्यायचा नाही, नाहीतर गर उतरून रस गढूळ होतो. साखर घालत नाही. हे माझ्या आधी मेज लावणाऱ्या बाईंनी मला हातात हात धरून शिकवले.

बिनआंबवलेल्या रसाची चाल तशी फार जुनी नाही. १८६९ साली अमेरिकेत टॉमस वेल्श नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस तापवून बाटलीबंद केला, म्हणजे तो आंबत नाही, आणि तो मुख्यतः प्रभुभोजनासाठीच केला. त्यामागे दारूबंदीची चळवळ होती. आपल्याकडच्या वस्त्यांत दारूने ज्या घरांची वाताहत झाली, त्यांचा विचार केला की ही चाल येथे का रुजली ते कळते. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या ओठाशी मंडळीने पुन्हा तीच चव नेऊ नये.

कॅथलिक मिस्सेत मात्र द्राक्षांपासूनच केलेली, नैसर्गिक आणि न बिघडलेली वाइन लागते, आणि तिच्यात थोडे पाणी मिसळतात. ज्या फादरांना मद्य वर्ज्य आहे त्यांना बिशपांच्या परवानगीने नुकता आंबू लागलेला रस वापरता येतो. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांच्या प्याल्याबद्दल थट्टा करू नये, ही माझी विनंती आहे.

भाकर कशी असावी?

येशूच्या त्या शेवटच्या जेवणाच्या वेळच्या वल्हांडण या यहुदी सणात बेखमीर (न आंबवलेली) भाकर असे, म्हणून कॅथलिक चर्चमध्ये केवळ गव्हाची, खमीर नसलेली पातळ वाटोळी चकती वापरतात. ज्यांना ग्लूटेन सोसत नाही त्यांच्यासाठी अत्यल्प ग्लूटेनची चकती चालते. ग्लूटेन अजिबात नसलेली चालत नाही, असे रोमहून २०१७ साली पुन्हा स्पष्ट करण्यात आले. आमच्याकडे कधी साधा पाव, कधी घरची बेखमीर पोळी असते. पाव असल्यास तो आदल्या दिवशीचा असावा. ताज्या पावाचा चुरा फार पडतो.

सर्वांनी एकाच प्याल्यातून पिणे आरोग्याला बरे आहे का? वेगवेगळे छोटे पेले का नकोत?

आरोग्याची काळजी खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. १८९० च्या दशकात अमेरिकेत छोट्या पेल्यांची प्रथा सुरू झाली ती याच काळजीतून. २०२० साली तर १२ एप्रिलचा ईस्टर टाळेबंदीत गेला; त्या दिवशी आम्ही मेजच लावले नाही, आणि पुढे चर्च उघडल्यावर छोटे पेले आले. सर्दी-खोकला असेल त्याने प्याल्यात ओठ लावू नयेत; भाकर बुडवून घ्यावी किंवा नुसती भाकर घ्यावी. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे एका रूपातही ख्रिस्त पूर्णपणे मिळतो, आणि आमच्याकडेही नुसती भाकर घेणाऱ्याचे काही उणे राहिले असे कोणी मानत नाही.

तरीही एका प्याल्याला आपल्या देशात एक इतिहास आहे आणि तो विसरला जाऊ नये. दक्षिणेतल्या मंडळ्यांत जातीप्रमाणे वेगळे बसणे आणि प्रभुभोजनातही वेगळेपण पाळणे चालत असे. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद मंडळीतून गेलाच पाहिजे असे फर्मावले, तेव्हा अनेकजण मंडळी सोडून गेले, पण एका प्याल्याला ओठ लावायला तयार झाले नाहीत. आमच्याकडे पाहा. शरणपूरची वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवली, आणि तिथे अनाथ मुलांबरोबर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीसोबत लंडनपर्यंत गेला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांना पतीच्या बाप्तिस्म्यानंतर, म्हणजे १८९५ नंतर, स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंत पाच वर्षे लागली, आणि त्या वर्षांत सोवळ्याओवळ्याशी त्यांचा जो झगडा झाला तो मराठी वाचकांना ठाऊक आहे. हेच ते गाव, जिथे २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. बाप्तिस्मा झाला तरी आडनाव विचारण्याची सवय आपल्यातही गेलेली नाही, आणि सोयरीक जुळवताना ती हमखास वर येते.

म्हणून माझे मत असे आहे : पेले छोटे असोत की प्याला एक असो, पण 'यांच्यानंतर मी कसे पिऊ' हा विचार कारण म्हणून पुढे आला, तर तो आरोग्याचा आहे की आणखी कशाचा, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे तपासावे. कणभर जरी दुसरे काही त्यात असेल, तर करिंथची पंगत दूर नाही.

हात कसे धरावेत?

चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल याने नवदीक्षितांना शिकवले होते की उजव्या हाताखाली डावा हात सिंहासनासारखा धरावा, कारण त्यावर राजाला घ्यायचे आहे, आणि हातावर सोन्याची धूळ दिली असती तर जेवढे जपले असते त्याहून अधिक एकेक कण जपावा. आजही याहून चांगली सूचना मला माहीत नाही. गुडघे दुखत असतील तर उभे राहून घ्यावे. कॅथलिक चर्चमध्ये जिभेवर घेण्याचीही रीत आहे. खिशातला मोबाइल बंद असावा, हे लिहावे लागते याचा खेद होतो.

मला पुढे गेल्यावर काहीच वाटत नाही. मन भरकटते. मग घेण्यात अर्थ काय?

आपण आईच्या हातचे जेवताना प्रत्येक घासाला गहिवरत नाही, तरी ते अन्न अंगी लागते. प्रभूने 'माझ्या स्मरणार्थ हे करा' असे सांगितले. 'हे करताना असे वाटू द्या' असे सांगितले नाही. भावना आली तर उपकार मानावेत, नाही आली तर तिची नक्कल करू नये. मन भरकटतेच, माझे तर मेजावरचे तुकडे पुरतील का याकडे असते. भरकटले की तेविसाव्या स्तोत्रातला एकच चरण मनात धरतो, ज्यात प्रभू आपल्यापुढे ताट वाढतो. वाढणारा तो आहे, एवढे आठवले की पुष्कळ होते.

मुलांना कधीपासून घेता येते?

कॅथलिक मंडळीत १९१० सालच्या पोप दहावे पायस यांच्या आदेशानुसार साधारण सातव्या वर्षी, म्हणजे समज आल्यावर, शिकवणूक देऊन प्रथम ख्रिस्तशरीर देतात. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी दृढीकरणानंतर, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीनंतर, देतात. तोवर मुलांना सोबत पुढे आणावे; पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. 'मला का नाही?' असे मुलाने विचारणे ही अडचण मानू नये. तयारीची सुरुवात त्या प्रश्नापासूनच होते.

आमचे हिंदू शेजारी लग्नाला किंवा नाताळला येतात. त्यांना हा प्रसाद वाटतो आणि ते रांगेत येतात. काय करावे?

ते आदरानेच येतात. प्रसाद नाकारू नये असे त्यांच्यावर संस्कार असतात, त्यामुळे त्यांना रांगेत अडवून ओशाळे करणे शोभत नाही. उपासनेच्या आरंभीच पाळकांनी दोन वाक्यांत सांगावे की हे भोजन बाप्तिस्मा घेऊन विश्वासाची कबुली दिलेल्यांसाठी आहे, बाकी सर्वांनी आशीर्वादासाठी जरूर पुढे यावे. न घेण्यात अनादर नाही, हे शब्द आवर्जून उच्चारावेत. पाहुण्यांच्या मनावरचा भार त्यांनीच उतरतो. उपासनेनंतर केक आणि चहा सर्वांना द्यावा, आणि तोही एकाच ताटातून.

दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये घेता येते का?

कॅथलिक चर्चमध्ये सर्वसाधारणपणे केवळ कॅथलिकांना देतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन झाली, त्यामुळे दुसऱ्या मंडळीच्या सभासदांना आमच्या मेजाशी सहसा जागा असते. तरी पाहुण्याने आधी विचारावे.

आजारी माणसाने काय करावे?

पाळकांना कळवावे; ते घरी येतात. इसवी सन १५० च्या सुमारास आरंभकाळातला ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की उपासनेला न आलेल्यांकडे सेवक भाकर घेऊन जात, म्हणजे ही चाल नवीन नाही. घरच्यांनी खाटेशेजारी एखादे स्टूल आणि त्यावर स्वच्छ रुमाल ठेवावा. टीव्ही बंद करावा. गिळता येत नसेल तर अगदी कणभर पुरतो.

मी उपासनेला उशिरा पोहोचलो. तरी पुढे जावे का?

काही वर्षांपूर्वीचा ईस्टर होता. द्राक्षकाढणीचे अखेरचे दिवस. मंडळी दाटली होती आणि मी रस नेहमीच्या मापाने केला होता. दिंडोरीकडून तीन कुटुंबे आली. त्यांतली बहुतेक माणसे आठवडाभर मळ्यांत द्राक्षे तोडत होती, एसटी चुकल्यामुळे त्यांना उशीर झाला आणि ती शेवटच्या बाकांवर बसली. पुढच्या रांगांत मी सढळ हाताने पेले भरले होते. शेवटची रांग गुडघे टेकून बसली तेव्हा भाकर उरली होती, रस संपला होता. एका म्हाताऱ्या बाईंनी ओंजळ पुढे केली होती, तिच्या बोटांवर द्राक्षांच्या चिकाचे काळे डाग होते. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. गीत चालूच ठेवायला सांगून त्यांनी मला मागच्या खोलीत पाठवले. बाटलीच्या तळाशी जे होते ते मी आणले, त्यांनी त्यावर पुन्हा प्रार्थना केली आणि त्या रांगेला प्याला दिला. मंडळी उभी राहून गात होती आणि मला मान वर करवत नव्हती.

पौल तो अध्याय संपवताना एकच साधी आज्ञा देतो : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. उशिरा आलेल्याने संकोच न करता पुढे यावे, आणि निदान पापांगीकाराची प्रार्थना मनातल्या मनात करून घ्यावी. रस पुरवण्याची जबाबदारी माझी आहे. त्या ईस्टरनंतर मी पाव किलो मनुका जास्त भिजत घालतो, आणि आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला बोलावण्याची सुरुवात शेवटच्या बाकापासून होते.